कॉटवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही

हे पत्र साताऱ्यातल्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स असलेल्या, चाळिशीच्या एका वाचक भगिनीचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आईच्या लांबलेल्या आजारपणात मावशीबरोबर त्या गोंदवल्याला, गोंदवलेकर महाराजांच्या समाधीला गेल्या, तिथं अनुग्रह घेतला आणि तेव्हापासून रोज पहाटे रामनामाचा जप करतात. जपानं आपण आतून सावरलो असं त्यांना मनापासून वाटतं. पती माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत आणि बरीच वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहेत. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. माहेर म्हसवडचं, म्हणून ‘माहेरी जाते’ असं सांगून त्या वाटेत गोंदवल्याला उतरतात. मुलगी सहावीत आहे. तिनं एकदा गोमुखीत, म्हणजे जपाच्या पिशवीत, हात घातलेला पाहून विचारलं, तेव्हा ‘मनगटाचा व्यायाम करतेय’ असं सांगून वेळ मारून नेली.

मध्यंतरी नाईट ड्युटीवर असताना, सकाळी ऑपरेशन असलेल्या एका साठीच्या गृहस्थांना झोप येईना. या जवळ जाऊन बसल्या, नामाचं महत्त्व सांगितलं आणि चिठ्ठीवर मंत्र लिहून उशीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मुलानं वॉर्ड डोक्यावर घेतला. ‘देवाचं नाव घ्या म्हणालात, तेव्हापासून आमच्या वडिलांनी आता आपण वाचत नाही असं धरलंय,’ असं तो म्हणाला. ऑपरेशन नीट झालं. मॅट्रननी मात्र ‘देवधर्म गेटच्या बाहेर ठेवायचा’ अशी तंबी दिली. नामस्मरणाच्या मंडळातली मैत्रीण उलट सांगते. ज्यानं आपलं भलं झालं ते दुसऱ्याला न सांगणं म्हणजे स्वार्थ, असं तिचं म्हणणं. भगिनी विचारतात : ‘श्रद्धा ही वाटायची गोष्ट की मनात ठेवायची? मी सांगितलं तर चुकते, लपवलं तरी चुकते. मग करू काय?’

ताई,

तुमचा प्रश्न एकच आहे, पण पत्रात गोष्टी दोन आहेत. एक वॉर्डमधली आणि एक घरातली. ज्या माणसाची नि तुमची ओळख जेमतेम एका रात्रीची, त्याला तुम्ही मनातलं सगळ्यात जपलेलं देऊन बसलात. ज्याच्याबरोबर इतकी वर्षं संसार केला, त्याच्यापासून मात्र तेच लपवून ठेवलंत. मला विचाराल तर जिथं बोलायचं तिथं तुम्ही गप्प आहात आणि जिथं गप्प राहायचं तिथं बोलून गेलात.

आधी वॉर्डचं बोलू, कारण जास्त गुंता तिथं आहे.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री माणसाची काय अवस्था असते, हे तुम्ही माझ्यापेक्षा शंभर पटीनं जास्त पाहिलंय. पोट उपाशी. अंगठी, साखळी काढून घरच्यांच्या हवाली केलेली. कवळी डबीत. अंगावर मागून बांधायचा तो गाऊन, हाताला सुई. संमतीपत्रावर सही करताना वाचलेल्या दोन ओळी डोक्यात घोळतायत. वर लघवीला जायचं तरी सिस्टरला विचारून. अशा माणसाजवळ तुम्ही बसलात आणि नामाबद्दल बोललात. तुमचा हेतू चांगला होता यात मला तिळमात्र शंका नाही. पण समजा, त्यांना ते नको होतं. मग त्यांनी काय करायला हवं होतं? ‘सिस्टर, मला हे नका सांगू,’ असं म्हणायचं, आणि पहाटे तीनला कळ आली की पुन्हा तुमच्यासाठीच बेल दाबायची? इतकी हिंमत धडधाकट माणसाला होत नाही, तर त्यांना कुठून होणार! ते ‘हो हो’ म्हणाले असतील. मान डोलावली असेल. तो होकार होता की नाइलाज, हे कळायला तुम्हाला काही मार्गच नव्हता.

तो मुलगा भडकला ते मला समजू शकतं. आपल्याकडं डॉक्टरांनी हात टेकले की मग थोरलं कुणीतरी खालच्या आवाजात म्हणतं, ‘आता देवाचं नाव घ्या.’ घरोघरी ऐकलेलं वाक्य आहे हे. तुमच्या मनात धीर द्यायचा होता. त्यांच्या कानावर पडला तो शेवटचा निरोप. तो मंत्र तुम्हाला कसा भेटला, तुमच्या आईच्या उशाशी बसून त्यानं तुम्हाला कसं सांभाळलं, हे सगळं तुमच्याकडं होतं. त्यांच्याकडं नुसती चिठ्ठी होती.

ते गृहस्थ कुठल्या धर्माचे, कुठल्या पंथाचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बरं झालं. ते अगदी तुमच्याच वाटेवरचे असते तरी माझं मत बदललं नसतं.

तुमच्या मनात कायद्याचीही धास्ती दिसते. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानं प्रत्येकाला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य दिलंय, तसाच आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क दिलाय. तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना धक्का न लावता बजावायचा. म्हणजे श्रद्धेबद्दल बोलणं हा काही गुन्हा नाही. पुढं १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एक गोष्ट स्पष्ट केली. प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क त्यात येत नाही, कारण सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य त्या दुसऱ्यालाही तितकंच आहे. तुम्ही काही त्यांचं धर्मांतर करायला बसला नव्हतात. पण यातला ‘दुसऱ्यालाही’ हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो कोर्टापुरता ठेवायचं कारण नाही.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही तुमच्या आड येत नाही. पूजा, यात्रा, परिक्रमा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना त्यानं मुद्दाम बाहेर ठेवलंय. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं मात्र त्यात गुन्हा आहे. तुम्ही त्या वाटेला जाणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी नर्सच्या तोंडून ‘नाम घ्या, बरं वाटेल’ हे वाक्य निघालं की ऐकणारा त्याचा अर्थ ‘बरे व्हाल’ असा लावतो. पांढऱ्या गणवेशातल्या माणसाचं बोलणं औषधाच्या चिठ्ठीइतकं वजनदार असतं. म्हणून गुण येण्याशी नामाची सांगड कधीही घालू नका, कुणी गळ घातली तरी.

आता तुमच्या मॅट्रनचं वाक्य. ‘देवधर्म गेटच्या बाहेर.’ शिस्त म्हणून ठीक, पण खरं नाही. देवधर्म रोज गेटमधून आत येतो, तुमच्या हातूनच येतो. ऑपरेशनला न्यायच्या आधी मनगटावरचा काळा दोरा, दंडातला ताईत, गळ्यातलं मंगळसूत्र, लॉकेट तुम्हीच तर उतरवता. एखादी म्हातारी दोरा काढू द्यायला तयार नसते. मग तुम्ही थिएटरमधल्यांना विचारता, चालत असेल तर वरून चिकटपट्टी लावता, नसेल तर कागदात गुंडाळून तिच्या लेकीच्या हातात देता. ‘आत्या, इथंच आहे बघा, बाहेर आलात की परत बांधते,’ म्हणता. तिचा देव कुठला, तुमचा कुठला, तुम्ही मानता की नाही, यातलं काही आड येत नाही. तुमच्या पेशाची नीती हेच मागते. नर्सेसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या आचारसंहितेत माणसाची मूल्यं, चालीरीती आणि आध्यात्मिक श्रद्धा यांचा मान राखला जाईल असं वातावरण ठेवणं हे नर्सचं काम सांगितलंय. तिथं श्रद्धा आहे, फक्त ती रुग्णाची आहे.

दर १२ मे रोजी तुम्ही ज्यांच्या नावानं दिवा लावता, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल कमालीच्या श्रद्धाळू होत्या. १८३७ मध्ये, सोळा वर्षांच्या असताना, देवानं आपल्याला सेवेसाठी बोलावलं असा अनुभव त्यांना आला, आणि तो त्यांनी आपल्या खासगी टिपणात लिहून ठेवला. १८५४ मध्ये त्या ३८ नर्सेसना घेऊन क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींकडं निघाल्या, तेव्हा त्यांच्यात कॅथलिक जोगिणी होत्या, अँग्लिकन भगिनी होत्या आणि पंथांची आपसांत धुसफूसही होती. नाइटिंगेलबाईंचा कटाक्ष मात्र काम कोणाला येतं यावर होता. त्या श्रद्धेतून आल्या होत्या आणि जखमींना मात्र स्वच्छता, पथ्याचं अन्न, धुतलेल्या चादरी दिल्या. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे पंढरपूरकराला चंद्रभागा दाखवणं. पण मैत्रिणीच्या बोलण्यानं तुम्ही इतक्या खचलेल्या दिसता की आठवण करून द्यावीशी वाटली.

मग पुन्हा तसाच कुणी जागा असेल, छताकडं बघत पडला असेल, तर काय करायचं? बसायचं, जरूर बसायचं. आणि आपलं सांगण्याआधी त्याला विचारायचं. ‘भीती वाटतेय का काका? घरी असताना असं झालं की काय करता?’ बहुतेकांकडं काहीतरी असतं. कुणी हनुमानस्तोत्र म्हणतो, कुणाला नमाजाची वेळ चुकल्याची रुखरुख असते, कुणी णमोकार म्हणतो, कुणाला बुद्धवंदना ऐकायची असते, आणि कुणी नुसतंच म्हणतो, ‘मुलीला फोन लावून द्या.’ फोन लावून द्या. स्तोत्र, वंदना ऐकायची असेल तर इअरफोन आहे का बघा, कारण शेजारच्या कॉटवरचाही माणूस उठून जाऊ शकत नाही. कुणी आपण होऊन विचारलं, ‘सिस्टर, तुम्ही देवाला मानता का?’ तर खोटं बोलू नका. ‘हो काका, मी नाम घेते,’ एवढं पुरे. पुढं विचारलं तर आणखी एक वाक्य. त्यांनी विषय सोडला की तुम्हीही सोडा. कुणी म्हणालं, ‘माझ्यासाठी प्रार्थना करा,’ तर ‘करते’ म्हणा आणि मनात करा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. चिठ्ठी मात्र नको. लिहिलेलं उशीखाली राहतं आणि नातेवाइकांच्या हाती लागलं की त्याचा अर्थ ते लावतात.

त्या मुलाला फोन करून दिलगिरी सांगू का, असं तुम्ही पत्राच्या कडेला लिहिलंय. नको. त्याचा नंबर तुम्हाला केस पेपरवरून मिळालेला आहे, तो अशा कामाला वापरायचा नसतो. पुढच्या तपासणीला ते आले आणि समोरासमोर गाठ पडली, तर दोन शब्द बोला. मॅट्रनना मात्र आजच सांगून टाका की रुग्णाला आपली श्रद्धा सांगायला मी जाणार नाही. त्याच्या श्रद्धेला लागेल ती मदत मात्र करत राहीन. बहुतेक त्याही ‘मग माझं काय वेगळं म्हणणं होतं’ असंच म्हणतील.

हे फक्त दवाखान्यापुरतं नाही. मला येणाऱ्या पत्रांत दर महिन्याला एखादं तरी या जातीचं असतं. पतपेढीतले वरिष्ठ रोज सकाळी कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर आपल्या महाराजांचा विचार टाकतात आणि कुणी हात जोडले, कुणी नाही, हे त्यांच्या लक्षात राहतं. शिकवणीचे सर परीक्षेआधी पोरांना आपल्या गुरूंचा अंगारा लावतात. नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात सासूच्या बैठकीला नेतात, आणि तिला ‘नको’ म्हणायला तोंड नसतं. या सगळ्यांची श्रद्धा खरी असेल. पण ज्याची बढती, ज्याचे मार्क, जिचं घरातलं स्थान आपल्या हातात आहे, त्याच्या होकाराला काही किंमत नसते. अशा ठिकाणी आपण होऊन तोंड उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बरोबरीचा माणूस असेल, मैत्रीण असेल, शेजारीण असेल, जी ‘चल गं, पुरे तुझं’ म्हणून हसून उठू शकते, तिच्याशी खुशाल बोला. तासभर बोला.

मैत्रिणीचं म्हणणंही मी उडवून लावत नाही. कुणीच काही बोललं नसतं तर आपल्यापर्यंत काय आलं असतं? कीर्तनं गावाच्या मध्यावर, चव्हाट्यावर झाली म्हणून तर पोचली. आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत आपल्या जिल्ह्यातून जाते, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, तेव्हा ती श्रद्धा कुणी घरात कोंडून ठेवलेली नसते. तिकडं सांगली जिल्ह्यात कडेगावला मोहरमचे उंच उंच ताबूत उचलायला हिंदू-मुसलमान दोन्ही खांदे लागतात. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस मिशनरी म्हणून आले, मिशनरी आहोत हे त्यांनी कधी झाकलं नाही, आणि १८९४ मध्ये त्यांनी रुग्णालय सुरू केलं; मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून नावारूपाला आलं ते मात्र तिथल्या शस्त्रक्रियांमुळं. तेव्हा श्रद्धा चार भिंतींत आणि तोंडाला कुलूप, असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही.

पण स्वार्थाचा आरोप मला पटत नाही. औषध लपवून ठेवलं तर तो स्वार्थ. गोंदवल्याचा पत्ता कुणी लपवलाय? सातारा-पंढरपूर रस्त्यावर एसटी थांबते, समाधी मंदिर उघडं असतं, दुपारी येईल त्याला प्रसाद मिळतो. महाराजांनी १९१३ मध्ये देह ठेवला. तेव्हापासून माणसं येतायत, ती काही ऑपरेशनच्या आदल्या रात्री उशीखाली चिठ्ठ्या सापडल्या म्हणून नव्हे. आणि तुम्ही स्वतः कशा गेलात? तुम्हीच लिहिलंय : आई सहा महिने अंथरुणाला खिळलेली, घरात सगळे एकमेकांवर खेकसत होते, आणि मावशी तेवढी शांत. ती उठून आईला पुसायची, कूस बदलायची, पुन्हा माळ घेऊन बसायची. शेवटी तुम्हीच विचारलंत, ‘मावशी, तुला हे कसं जमतं?’ त्यानंतर ती बोलली. मैत्रिणीला ही हकिगत सांगा. तिला पटलं तर ठीक, नाही तर पुढच्या बैठकीला चहा घेऊन विषय बदला.

आपल्या परंपरेत दोन्ही रीती आहेत, हेही तुमच्या ध्यानात असू द्या. तुमच्याकडं गोमुखी आहे. त्या पिशवीत हात घातला की मणी कुणाला दिसत नाहीत, किती झाले ते कुणी मोजू शकत नाही. जपाचं प्रदर्शन होऊ नये याचीच ती सोय. आणि वारकऱ्याची तुळशीची माळ गळ्यात, सगळ्या गावाला दिसेल अशी. ती दिसते म्हणूनच त्याला धाब्यावर बसून मटणाचं ताट पुढं ओढता येत नाही. गाव लगेच विचारतं, ‘का हो बुवा?’ एक रीत मोठेपणापासून वाचवते, दुसरी ढिलाईपासून. दोन्ही रीती मागणी स्वतःपुढंच ठेवतात; समोरच्यानं काय करावं, हे त्यांत कुठंच येत नाही.

आता घर.

इथं तुम्ही एक गोष्ट गृहीत धरलीय की नवऱ्याला कळलं तर त्यांना धक्का बसेल, त्यांच्या कामाला बट्टा लागेल, लोक हसतील. पत्रात तुम्ही चार वेळा ‘त्यांना सहन होणार नाही’ असं लिहिलंय. त्यांनी असं कधी म्हटलंय, हे मात्र कुठंच नाही. सातारा हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून होईपर्यंत ते हे काम करत राहिले, आणि गावोगावच्या सभांत त्यांची भूमिका एकच होती : विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आणि फसवणुकीला आहे. तुमचे यजमान त्या कामात वर्षानुवर्षं आहेत म्हणजे हा फरक त्यांनी दुसऱ्यांना कितीतरी वेळा समजावून सांगितला असणार. तुमच्या पहाटेच्या जपात कुणाचं शोषण आहे? कुणाचे पैसे जातात? कुणाचा उपचार थांबतो? मला तरी काही दिसत नाही. ते वाद घालतील, कदाचित टोमणाही मारतील. पण सांगायच्या आधीच त्यांच्या वतीनं निकाल देऊन मोकळं होणं, हे त्यांच्यावर अन्यायाचं आहे.

खरी अडचण जपाची नाहीच मुळी, थापांची आहे. ‘माहेरी जाते’ म्हणून निघायचं आणि गोंदवल्याला उतरायचं. एखाद्या दिवशी म्हसवडहून तुमचा भाऊ सहज फोन करतो, ‘ताई आली नाही अजून?’ मग पुढचा अर्धा तास त्या घरात काय होईल, याची कल्पना तुम्हाला आहे. त्यात रामनामाचा संबंधच राहणार नाही. बायको खोटं सांगून जाते कुठं, एवढाच प्रश्न उरेल. आणि तुम्ही ‘नाम घ्यायला जात होते’ म्हणालात, तर ज्या गोष्टीनं तुम्हाला सावरलं, तीच त्यांच्या मनात कायमची खोटेपणाला जोडली जाईल.

वॉर्डमधल्या माणसाला तुमच्या श्रद्धेशी देणंघेणं नव्हतं. तुम्ही सुई नीट लावलीत की त्याचं काम झालं. नवऱ्याचं तसं नाही. तुम्ही पहाटे किती वाजता उठता, एकादशीला काय शिजतं, सुट्टी कुठं जाते, वर्षाला दान किती जातं, यातलं प्रत्येक त्यांच्याही आयुष्याला लागून आहे. ज्यांच्या दिवसावर आपल्या श्रद्धेचा भार पडतो, त्यांना ती माहीत असायला हवी. पटायला हवी असं नाही.

कसं सांगावं? मागची दोन वर्षं एकदम ओतू नका आणि तत्त्वज्ञानानं तर मुळीच सुरुवात करू नका. ते शिबिर करून किंवा भाषण करून दमून आलेत, तेव्हाही नको. रविवारी सकाळी, पोरगी क्लासला गेल्यावर. थापेपासून सुरुवात करा, कारण तिचा भार तुमच्यावर आहे. ‘मी गेली दोन वर्षं गोंदवल्याला जाते. तुम्हाला माहेरी जाते असं सांगत होते, ते चुकलं माझं. आई आजारी असताना नाम घ्यायला लागले, त्यानं मला बरं वाटतं. तुम्ही मानावं असं मी म्हणत नाही. तुमच्यापासून लपवायचं नाही, एवढंच.’ बास. इथं थांबा. यात परवानगी मागितलेली नाही हे बघा. ती मागायची गरजही नाही. ते म्हणतील, ‘यानं आजार बरे होतात असं वाटतं का तुला?’ तर म्हणा, ‘नाही. आई गेलीच ना. पण ती जाईपर्यंत मी उभी राहिले.’ यावर विवेकवादी माणूसही काय वाद घालणार? घातलाच तर घालू द्या. त्या दिवशी जिंकायचं नाही.

काही जणी म्हणतील, कशाला उगाच विस्तवात हात, चाललंय ते चालू दे. तोही पर्याय आहे. जिथं नवरा हात उचलतो, जिथं कळल्यावर बाईला घराबाहेर काढतील अशी खरीच भीती असते, तिथं मीसुद्धा गप्प राहण्याचाच सल्ला देते. स्वतःचा जीव आधी. पण तुमच्या पत्रात अशी भीती कुठं दिसत नाही. उलट आईच्या आजारपणात रजा काढून दवाखान्यात डबे पोचवणारा माणूस दिसतो.

मुलीचं राहिलं. अकरा-बारा वर्षांच्या पोरांना मनगटाचा व्यायाम पिशवीत हात घालून करत नाहीत, हे बरोबर कळतं. आई काहीतरी लपवतेय आणि बाबांपासून लपवतेय, एवढं तिनं ताडलं असणार. नवऱ्याला सांगून झालं की त्याच दिवशी तिलाही सांगा, दोन वाक्यांत : ‘ही जपमाळ आहे. मी देवाचं नाव घेते. बाबा घेत नाहीत.’ पण तीही एका अर्थी उठून जाऊ न शकणारीच आहे. जेवायला, झोपायला तिला तुमच्याच घरात यायचंय. तेव्हा तिला शेजारी बसवून माळ हातात द्यायची घाई तुम्ही करू नका, आणि ‘आईचं ते काही खरं नसतं’ असं तिच्यापुढं बोलू नका, हे त्यांनाही सांगा. दोघांचं बघत मोठी होईल. उद्या दोघांनाही न पटणारं तिसरंच काही धरून बसेल, तेव्हा दोघं मिळून डोक्याला हात लावा.

हे सगळं करून यजमानांनी आठवडाभर अबोला धरला, तर धरू द्या. दोन वर्षांच्या थापांपुढं आठवडा फार नाही. त्यांनी जप बंद करायला सांगितला, जायला मनाई केली किंवा चारचौघांत तुमची टिंगल सुरू केली, तर मात्र विषय श्रद्धेचा राहणार नाही. तेव्हा पुन्हा लिहा.

आणि मार्गशीर्षात महाराजांच्या पुण्यतिथीच्या उत्सवाला जायचं मनात असेल, तर रजेचा अर्ज आताच टाकून ठेवा. त्या दिवसांत तुमच्या वॉर्डला माणसं कमी पडतात असं तुम्हीच लिहिलंय. अर्जात ‘खासगी काम’ लिहिलंत तरी चालेल, मॅट्रनना त्याहून जास्त कळायची गरज नाही. घरी मात्र जाण्यायेण्याचे दिवस आणि गाव, दोन्ही खरं सांगून निघा.